बोराडे काकांचं कुलूप

वाल्मीक सोमनाथ बोराडे आमच्या संस्थेत आले, त्या पहिल्याच दिवशी मला त्यांचा राग आला. कारण अगदीच क्षुल्लक होतं. मी पाणी प्यायला उठले आणि परत येऊन बघते तर माझ्या टेबलावरचे सगळे कागद पालथे घालून ठेवलेले.

"कागद उघडा टाकून जागा सोडायची नाय, पोरी," ते म्हणाले. "पाणी प्यायला उठ नायतर भूकंप होऊ दे."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, संस्थेत चार वर्षं जुनी होते आणि माझ्या टेबलाला कोणी हात लावलेला मला खपत नसे. मी सगळे कागद सुलटे केले. दुपारी डबा खाऊन आले तर कागद पुन्हा पालथे. असं आठवडाभर चाललं. शेवटी मीच पालथे घालायला लागले. काकांशी भांडून कोणी जिंकल्याचं मला तरी ठाऊक नाही. आज वाटतं, एकदा तरी जिंकायला हवं होतं.

आमची संस्था म्हणजे गंगापूर रोडवरच्या एका इमारतीतल्या दोन खोल्या. डॉक्टर तेजस्विनी गायधनी यांनी ती काढली होती. आम्ही त्यांना डॉक्टरताई म्हणायचो. सुरगाणा आणि पेठकडच्या पाड्यांवर सिकलसेलचे रुग्ण शोधायचे, त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि वेळ आली की नाशिकला रक्त मिळवून द्यायचं, हे आमचं काम. या आजारात रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, हाडं ठणकतात, रक्त कमी होत जातं. आईबापाकडून येतो आणि जन्मभर सोबत राहतो. काहींना दर दोन-चार महिन्यांनी रक्त चढवावं लागतं.

एक गोष्ट डॉक्टरताईंनी मला पहिल्याच वर्षी समजावली होती, ती इथे सांगणं भाग आहे. ज्याला वारंवार दुसऱ्याचं रक्त मिळतं, त्याच्या शरीराला कधीकधी त्यातला एखादा अंश सोसत नाही, रक्तगट जुळत असला तरी. एकदा असं झालं की शरीर ते मनात धरतं. पुढे वर्ष-दोन वर्षांनी तपासणीत त्याची खूणही दिसत नाही. रक्तपेढी म्हणते, जुळतंय, द्या. पण शरीर विसरलेलं नसतं. तसलं रक्त पुन्हा अंगात गेलं तर आठवड्याभरात माणूस जाऊ शकतो. अशा रुग्णाला वाचवते ती फक्त जुनी नोंद. आमच्या अकराशे नावांपैकी सदतीस नावांपुढे तांबडी खूण होती. कोणाला कसलं रक्त द्यायचं नाही आणि कोणत्या रक्तदात्याचं चालतं, ते तिथे लिहिलेलं असे. मीच ते रजिस्टरमध्ये लिहायची.

दोन हजार तीन साली ही यादी फुटली. पेठकडच्या आमच्या केंद्रातून कोणीतरी चार पानांची झेरॉक्स काढली आणि ती गावागावांत फिरली. कोणाच्या घरात आजार आहे ते नावानिशी. तीन मुलींची ठरलेली लग्नं मोडली. त्यातली एक शेतावर जाते म्हणून घरातून निघाली, ती आजपर्यंत सापडलेली नाही. तिचा बाप आमच्या दारात येऊन बसला होता. तो भांडला नाही, ओरडला नाही. डॉक्टरताईंकडे बघून एवढंच म्हणाला, "आमी तुमाला नाव सांगितलं व्हतं." त्या दिवसापासून डॉक्टरताईंनी कागदाची धास्ती घेतली. झेरॉक्स हा शब्द ऐकला तरी त्यांचा चेहरा बदलायचा.

आणि अशा वेळी त्यांना बोराडे काका भेटले.

काका नाशिक रोडच्या नोटा छापायच्या प्रेसमधून निवृत्त झालेले. छत्तीस वर्षं तिथे काढली. नेमकं काय काम केलं ते त्यांच्या बायकोला, सगुणाकाकूंना, शेवटपर्यंत माहीत नव्हतं. काकू सांगायच्या, "लग्नात मला म्हणाले, मोजायचं काम हाय. काय मोजता विचारलं तर म्हणाले, जेवायला वाढ." गेटवर रोज झडती, प्रत्येक कागदाचा हिशेब, खराब निघालेला ताव सगळ्यांसमोर नष्ट करायचा आणि नष्ट केल्याचा दाखला दोन साक्षीदारांच्या सहीनिशी लिहायचा, हे काकांच्या हाडीमाशी खिळलेलं. निवृत्तीनंतर काय करावं कळेना म्हणून बिटको चौकाजवळच्या क्लासमध्ये कॉम्प्युटर शिकायला गेले. अठरा-अठरा वर्षांच्या पोरांत हे साठीचे. पहिले आले. मग नाद लागला. मासिकासोबत येणाऱ्या सीड्या गोळा करायचे, सायबर कॅफेत बसून इंग्रजी पानं वहीत उतरवून घ्यायचे, शब्दकोश मांडीवर.

डॉक्टरताईंनी त्यांना एकच काम सांगितलं. नावं सुरक्षित राहिली पाहिजेत, पण हरवताही कामा नयेत. म्हणजे एकाच मशीनवर ठेवून चालणार नाही. ते मशीन जळालं तर संपलं.

काकांना हे पटायला महिना लागला. "एकच वस्तू दोन ठिकाणी म्हंजे चोरीच की," असं ते चक्क म्हणायचे. प्रेसच्या माणसाला नक्कल या गोष्टीची किती किळस असते ते मी तेव्हा पाहिलं. शेवटी त्यांनी स्वतःची समजूत घातली. नक्कल ठेवायचीच, तर ती कोणालाही वाचता येणार नाही अशी ठेवायची.

चार महिने ते त्या कामाला चिकटून होते. आमच्या ऑफिसातलं मशीन एका बाजूला आणि मुंबईला एका कंपनीच्या खोलीत भाड्याने घेतलेला सर्व्हर दुसऱ्या बाजूला. मी नोंद टाइप केली की ती आमच्या मशीनवरच कुलूपबंद व्हायची आणि मगच फोनच्या तारेवरून निघायची. वाटेत कोणी पकडली, मुंबईच्या माणसाने उघडून पाहिली, अगदी आमचं मशीन कोणी उचलून नेलं, तरी त्याच्या हाती अक्षरांचा चिवडा लागणार. रोज संध्याकाळी सहाला दोन्ही मशीन एकमेकांशी ताळा करायची, इकडे जे बदललं तेवढंच तिकडे जायचं. या प्रकाराला इंग्रजीत नाव आहे, काका त्याला 'मेळ' म्हणायचे. "मेळ लागला का?" हे सहा वाजून पाच मिनिटांनी विचारायचं ठरलेलं. मी पडदा बघून म्हणायची, "दोन्हीकडे सारखं." मग ते चप्पल घालायचे.

पहिल्या चाचणीत मेळ उलटा लागला होता. मुंबईची रिकामी फाइल इकडे आली आणि माझं दोन दिवसांचं टायपिंग पुसून गेलं. मी आकाशपाताळ एक केलं. काका मान खाली घालून बसले होते. पण रजिस्टर होतं, पिवळी कार्डं होती. त्यावरून मी दोन दिवसांत सगळं पुन्हा उतरवलं. हे मी मुद्दाम सांगतेय. कागदाने आम्हाला एकदा वाचवलं होतं आणि ते आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

कुलपाची किल्ली म्हणजे शब्दांची एक लांबलचक ओळ. मशीन बंद होऊन पुन्हा सुरू झालं की ती टाइप करायची, मग नावं दिसायची. काकांनी तिचे दोन भाग केले. पहिला डॉक्टरताईंकडे, दुसरा त्यांच्याकडे. एका कुलपाला दोन माणसं, ही त्यांची रीत. डॉक्टरताईंनी आपला भाग लिहून पाकिटात घातला आणि लोखंडी कपाटात ठेवला. त्या दौऱ्यावर असल्या की मी त्यावरून टाइप करायची. काकांनी लिहून द्यायला साफ नकार दिला.

"लिहिलं की त्याची वस्तू झाली," ते म्हणाले. "वस्तू चोरीला जाते. डोक्यातलं कोण नेतंय?"

डॉक्टरताई त्यांच्यापुढे कधी आवाज चढवत नसत, त्या दिवशी चढवला. म्हणाल्या, "काका, तुम्हाला उद्या रस्त्यात ट्रकने उडवलं तर?" मग काकांनी एक पाकीट तयार केलं, लाखेने बंद केलं, त्यावर सही केली आणि कपाटात ताईंच्या पाकिटाशेजारी ठेवलं. किल्ली दर तीन महिन्यांनी बदलायची, तेव्हा पाकीटही बदलायचं. वर नव्या तारखेची सही, नवी लाख. मी दर वेळी पाहायची. पाकीट जागेवर आहे एवढं बघून मला हायसं वाटायचं.

काका किल्ली टाइप करायला बसले की खोलीतल्या प्रत्येकाने भिंतीकडे तोंड करायचं. "तोंड फिरवा," असा हुकूम सुटायचा. डॉक्टरताईसुद्धा फिरवायच्या. मला आधी हसू यायचं, कॅलेंडरवरच्या गणपतीकडे बघत उभी राहायची. पाठीमागे कळांचा आवाज व्हायचा, एका दमात, कुठे अडखळणं नाही. मग काका म्हणायचे, "झालं. उघडलं."

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर त्यांनी कागद नष्ट करायला काढले. आता सगळं मशीनवर आहे, मुंबईला आहे, मग रजिस्टरं कशाला हवीत? त्यातलंच पान फुटलं होतं ना? डॉक्टरताईंना हे बोलणं बरोबर लागायचं. रजिस्टरं गेली. मग काका पिवळ्या कार्डांच्या मागे लागले. प्रत्येक रुग्णाकडे एक कार्ड असायचं, त्यावर नाव, आजार आणि असली तर तांबडी खूण. काकांचं म्हणणं, हे अकराशे कागद अकराशे घरांत पडलेत, कोणीही बघेल. प्रत्येक रुग्ण तपासणीला आला की कार्ड काढून घ्यायचं.

पुतळाबाई आली तेव्हा मी समोर होते. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची, वय तेवीस-चोवीस, सोबत नवरा मंगळू. तिच्या नावापुढे तांबडी खूण होती. त्याच वर्षी रक्त चढवल्यावर ती मरता मरता वाचली होती. डॉक्टरताईंनी तिचा नमुना मुंबईच्या एका लॅबला पाठवून कोणता अंश सोसत नाही ते शोधून काढलं होतं. तिचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं कमरेला.

"कार्ड द्या, बाई," काका म्हणाले.

तिने दिलं नाही. मंगळूकडे बघितलं. मंगळू म्हणाला, "डाक्टरनी सांगितलं व्हतं, जिवापाड जप म्हणून."

"आता आम्ही जपतो. दोन ठिकाणी ठेवलंय. इथं आन मुंबईला."

"मंग माझ्याजवळ काय राहील?" पुतळाबाईने विचारलं.

काका तिला समजावत बसले. खूप मायेने बोलले, अगदी लेकीशी बोलावं तसे. तिच्या नणंदेचं लग्न व्हायचं होतं, कार्ड कोणाच्या हाती लागलं तर काय होईल, ते सांगितलं. तिने फडकं सोडलं. कार्ड देताना तिने ते पदराला पुसलं होतं, हे मला अजून दिसतं.

त्या आठवड्यात तोवर जमलेली आठशे साठ कार्डं जाळली. इमारतीच्या मागे पत्र्याच्या डब्यात, काका काठीने ढवळत होते. मग दाखला लिहिला: खालील कागद माझ्या समक्ष पूर्णपणे नष्ट करण्यात आले. डॉक्टरताईंनी न वाचता सही केली. दुसरी साक्षीदार म्हणून माझी सही आहे. मी हसत हसत केली होती. 'आमच्याकडे दाखले फाडायचेही दाखले असतात' असं मी घरी जाऊन आईला सांगितलं.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात एका सकाळी काका ऑफिसच्या दारात आले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. मी म्हटलं, "काका, काय झालं?" ते उभेच. झडतीची वाट बघत होते. क्षणभरच. मग हात खाली घेतले, हसले आणि आत आले. मी चेष्टा केली, "काका, खिसे तपासू का?" तेही हसले. हा किस्सा मी कितीतरी जणांना रंगवून सांगितला.

मग डबा विसरू लागले. मग डबा खाऊन झाल्यावर 'आज डबा आणला नाही' म्हणू लागले. एकदा सिटी बसमधून इकडे यायचं सोडून थेट प्रेसच्या गेटवर जाऊन उभे राहिले, तिथल्या ओळखीच्या माणसाने त्यांना परत बसमध्ये बसवून दिलं. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगून माझा हात धरला.

"ताईंना बोलू नको, आशा. मला घरी बसवतील. घरी बसून काय मोजू?"

मी बोलले नाही. मला त्यांची दया आली, हे खरं. पण तेवढंच कारण नव्हतं. हल्ली किल्ली टाइप करताना त्यांना वेळ लागायचा. भिंतीकडे तोंड करून मी ऐकायची. चार कळा, मग शांतता. पुन्हा पहिल्यापासून. एकदा तर मी गणपतीच्या सगळ्या दागिन्यांची नावं मनात म्हणून संपवली. शेवटी 'उघडलं' असं आलं, पण आवाज घोगरा होता. हे सगळं कळत असून मी गप्प बसले, कारण कपाटात पाकीट होतं. लाख होती, सही होती, ताजी तारीख होती. माझी सगळी बेफिकिरी त्या पाकिटावर उभी होती.

दोन हजार सहाचा ऑगस्ट. नाशिकला तेव्हा रोजचं भारनियमन. त्या दिवशी सकाळी वीज गेली ती वेळेवर आलीच नाही, बॅटरी संपली आणि मशीन बंद पडलं. साडेदहाला वीज आली. काका यायचे होते. डॉक्टरताई परिषदेसाठी पुण्याला गेलेल्या. पावणेअकराला एका मोठ्या रुग्णालयातून फोन आला. पुतळाबाई दाखल झाली होती. सातवा महिना, रक्त तीनवर आलेलं, श्वास लागलेला. तिथले डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, "नवरा सांगतोय, तुमच्याकडे नोंद आहे. आधी काही त्रास झाला होता का? रक्तपेढीत तर सगळं जुळतंय."

"त्रास झाला होता," मी म्हटलं. "थांबा, रक्त देऊ नका. दहा मिनिटांत सांगते."

काका अकराला आले. मी त्यांना खुर्चीत जवळजवळ ढकललंच. "काका, पुतळाबाई. लवकर."

"तोंड फिरवा," ते म्हणाले. मी फिरवलं.

चार कळा. शांतता. पुन्हा चार कळा. मग सहा. मग नुसताच पंख्याचा आवाज. मी गणपतीकडे बघत होते. वीस मिनिटांनी मी रीत मोडून मागे वळले. काका दोन्ही हात कळांवर ठेवून बसले होते आणि हातांकडे बघत होते, ते दुसऱ्याच कोणाचे असावेत तसे.

मी कपाट उघडलं. काकांचं पाकीट घेतलं, लाख फोडली. तोवर डॉक्टरताईंचा पुण्याहून फोन आलेला, तो मी खांद्यात धरलेला. ताई म्हणत होत्या, "वाच, वाच लवकर." आत एकच कागद होता, काकांच्या सुबक अक्षरात. मी वाचला.

'जुनी किल्ली दि. ३ जुलै २००६ रोजी सकाळी ९ वा. ४० मि. नी पूर्णपणे नष्ट करण्यात आली. नवी किल्ली मुखोद्गत आहे. वा. सो. बोराडे.'

फोनवर ताईंच्या मागे कोणीतरी माइकवर भाषण करत होतं, ते ऐकू येत राहिलं.

त्यांची काही लबाडी नव्हती. रीतच तशी होती. आधी जुनं नष्ट करायचं, त्याचा दाखला लिहायचा, मग नवं लिहायचं. दाखला लिहून झाल्यावर आपण काय करत होतो तेच ते विसरले असणार. किंवा लिहायचं त्यांच्या मनातच नव्हतं. मला आजही नक्की सांगता येत नाही.

दुपारी बारा वाजता मंगळू ऑफिसात येऊन पोहोचला. पावसात भिजलेला, पायात चिखल. मी त्याला स्टुलावर बसवलं. तो समोर बसून काकांकडे बघत राहिला. काका टाइप करत होते, थांबत होते, कपाळ दाबत होते, पुन्हा करत होते. मी मुंबईच्या लॅबला फोन लावला, त्यांच्याकडे वर्षापलीकडचे कागद ठेवत नव्हते. ताईंनाही नेमकं आठवत नव्हतं. मी स्वतःचंच डोकं झाडून पाहिलं. ती नोंद मीच टाइप केली होती! एक मोठं इंग्रजी अक्षर होतं, त्याला जोडून बारीक अक्षरं होती. चालणारे दोन रक्तदाते होते, त्यातला एक ओझरचा. नाव काय? अकराशे जणांचं मी टाइप केलं होतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त तांबडी खूण येत होती.

अडीचच्या सुमाराला मंगळू हळूच म्हणाला, "ते राहू द्या. आमचं पिवळं कारड द्या नुसतं. तेवढं दिलं तरी भागल."

काकांनी ऐकलं होतं. ते रडायला लागले. आवाज न करता, बोटं कळांवरच.

डॉक्टरताईंनी पुण्याहून रुग्णालयाला दोनदा फोन केला, थांबा म्हणाल्या. तिथल्या डॉक्टरांनी चारपर्यंत थांबून पाहिलं. त्याहून जास्त थांबले असते तर ती त्याच दिवशी गेली असती, आई आणि मूल दोघंही. सगळं जुळत होतं. चार वाजता रक्त लावलं. संध्याकाळी पुतळाबाई उठून बसली, चहा प्यायली. मंगळूने आम्हाला फोन करून सांगितलं, "बरी हाय." सहा वाजता मशीनने आपलं आपण काम केलं. कुलपातलं कुलपातच मुंबईशी ताडून पाहिलं. त्याला किल्ली लागत नाही. पडद्यावर आलं, दोन्हीकडे सारखं.

सहाव्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी झाली. आठव्या दिवशी ती गेली. मूल आदल्या दिवशीच पोटात गेलं होतं.

काका त्यानंतर ऑफिसला आले नाहीत. डॉक्टरताईंनी कोणाकोणाला बोलावून मशीन दाखवलं. पुण्याचा एक हुशार मुलगा दोन दिवस बसला आणि जाताना म्हणाला, "ज्यांनी केलंय त्यांनी फार पक्कं केलंय, मॅडम." ताईंनी मान हलवली. आम्ही पुन्हा पाड्यापाड्यांवर फिरून नावं लिहायला सुरुवात केली, पिवळी कार्डं पुन्हा छापली. पण पूर्वी कोणाला काय सोसलं नाही, ते बहुतेकांना सांगता येत नाही. थंडी वाजली होती म्हणतात, ताप आला होता म्हणतात. सदतीसपैकी नऊ जण सापडलेत. एक गेली. उरलेले सत्तावीस कुठेतरी आहेत, आज ना उद्या त्यांना रक्त लागेल आणि रक्तपेढी म्हणेल, जुळतंय.

म्हणून मी काकांच्या घरी जात राहिले. माया होतीच, पण खरं सांगायचं तर किल्लीसाठी. जेल रोडला त्यांचं घर. सगुणाकाकू दार उघडायच्या आणि माझ्याकडे बघून न विचारताच मान हलवायच्या. काकांनी आधी माझं नाव सोडलं, मग संस्थेचं, मग काकूंचं. मी पुतळाबाई म्हटलं तरी चेहऱ्यावर काही उमटत नसे. कळांचा एक जुना बोर्ड नेऊन मी त्यांच्यासमोर ठेवला होता, तर त्यांनी तो पालथा घालून ठेवला.

दोन हजार आठच्या एप्रिलमधली दुपार. काका टेबलाशी बसले होते, टेबलावर फुलाफुलांचं मेणकापड. काकू आत पोहे करत होत्या. अचानक वीज गेली. पंखा गरगरत थांबला. काका ताठ बसले. दोन्ही हात मेणकापडावर आले, बोटं जागच्या जागी बसली, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो जुना आवाज मी ऐकला.

"तोंड फिरवा."

मी फिरवलं. देवाशप्पथ, माझं मलाच कळलं नाही. तीन वर्षांची सवय, मान आपोआप वळली. समोर भिंत होती, भिंतीवर खिळा होता. पाठीमागे मेणकापडावर बोटं वाजत होती, एका दमात, कुठे अडखळणं नाही, पहिल्यासारखी. काय चाललंय ते माझ्या डोक्यात शिरलं आणि मी गर्रकन वळले, तोवर आवाज थांबला होता. काकांनी हात मांडीवर घेतले होते.

"झालं," ते म्हणाले. "उघडलं."

मी त्यांच्या पायाशी बसले. हात धरले, ते टेबलावर ठेवले, बोटं एकेक करून जागेवर लावली. "काका, आणखी एकदा. माझ्यासाठी. सत्तावीस जण आहेत, काका." मी रडत होते, त्यांना हलवत होते. काकू दाराशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

काकांनी आपले हात सोडवून घेतले. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि अगदी सौजन्याने म्हणाले, "पास दाखवा, बाई. पासाशिवाय आत सोडता येत नाय."